सोयाबीन आमच्या रानातले, ओळख मात्र सँटा क्लारातली : एका कोरियन टोफूघराचा शोध

कोरडवाहू :

नमस्कार मंडळी. मी मूळची लातूर जिल्ह्यातली असून गेली नऊ वर्षे कॅलिफोर्नियात, सँटा क्लारा येथे राहते. गावी आमची अकरा एकर कोरडवाहू जमीन आहे. मृगाचा पाऊस झाला की सोयाबीन पेरायचे आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास रास करायची, हे मी कळत्या वयापासून पाहत आले आहे. माझी शाळेची फी, आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि माझे पुण्यातले वसतिगृह हे सगळे त्या पिवळ्या दाण्यांवर निभावले. तरीही आमच्या चुलीवर सोयाबीन शिजल्याचे मला एकदाही आठवत नाही. माल आडतीवर जायचा, तिथून तेलाच्या कारखान्यात जायचा, म्हशीला भुसकट मिळायचे आणि आमच्या वाट्याला किराणा दुकानातली तेलाची पिशवी यायची. हे खायचे धान्य आहे, असे घरात कुणाच्या मनातही आले नाही.

आता मूळ विषयाकडे येते. आमच्या घराजवळून एल कमिनो रिआल नावाचा लांबच लांब रस्ता जातो. सनीव्हेलच्या बाजूला त्यावर आपल्या लोकांची किराणा दुकाने आणि डोशाची हॉटेले आहेत. लॉरेन्स एक्सप्रेसवे ओलांडून सँटा क्लाराकडे आले की पाट्यांची लिपी बदलते आणि कोरियन दुकाने सुरू होतात. मी त्या रस्त्याने आठवड्यातून चारदा तरी जाते, परंतु त्या पाट्या वाचता येत नसल्यामुळे आत काय असेल याचा विचारही कधी केला नव्हता. गेल्या जानेवारीत एका पावसाळी शनिवारी गाडीचे टायर बदलायला गेलो असता दुकानदाराने दीड तास लागेल असे सांगितले. शेजारीच वाफेने धुरकटलेल्या काचेचे एक लहानसे उपाहारगृह होते. पाटीवर मोठ्या कोरियन अक्षरांखाली बारीक अक्षरांत ‘टोफू’ (सोयाबीनच्या दुधाच्या गाठींचा पदार्थ) एवढेच लिहिले होते. पाऊस नसता तर आम्ही आत गेलो नसतो, हे कबूल करते.

आत जेमतेम आठ टेबले होती. बसल्याबरोबर काही मागवण्याच्या आधीच साठीच्या पुढच्या एका बाईंनी भाजलेल्या सातूचे गरम पाणी आणि सहा छोट्या वाट्या आणून मांडल्या. त्यांत मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, तिळाचे तेल लावलेला पालक, मुळ्याच्या लाल फोडी, काकडी, काळ्या दाण्यांची गोडसर उसळ आणि अर्थातच किमची, म्हणजे कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे, असे पदार्थ होते. आम्ही ‘हे आम्ही मागवलेले नाही’ असे सांगू लागलो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की हे जेवणाबरोबर येतेच, आणि संपले की पुन्हा मिळते.

मग ते भांडे आले. काळपट तपकिरी मातीचे, लोखंडी तबकडीवर ठेवलेले आणि आत अक्षरशः खदखदणारे. चुलीवरून उतरवून टेबलावर आणल्यावरही दोन-तीन मिनिटे उकळी थांबली नाही. लालभडक रश्शात पांढरे ढग तरंगावेत तसे टोफूचे मोठे, बेढब तुकडे होते. बाईंनी एक कच्चे अंडे उचलले, भांड्याच्या काठावर टिचकी मारल्यासारखे फोडले आणि आत सोडले. पांढरा भाग आमच्यादेखत घट्ट होत गेला. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि जीभ भाजून घेतली. दुसरा फुंकून खाल्ला. टोफू म्हणजे रबरासारखे चौकोनी काहीतरी, ही माझी समजूत होती. हे मात्र आमच्याकडे म्हैस व्याल्यावर खरवस होतो, त्याच्याही निम्म्या बांध्याचे, जिभेवर टेकवले की मोडणारे होते. त्याला एक अगदी पुसट, ओल्या शेंगेचा वास होता. तो वास मी ओळखला. सप्टेंबरात शेंगा भरल्या की बांधावरून चालताना येतो तोच.

भात वेगळ्या दगडी भांड्यात आला. बाईंनी तो वाडग्यात काढून दिला आणि तळाशी चिकटलेल्या खरवडीवर गरम पाणी ओतून झाकण ठेवले. जेवण झाल्यावर झाकण काढले तर आत खरपूस वासाची पातळ पेज तयार होती. नवऱ्याने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि म्हणाला, ‘ताक प्यायल्यासारखे वाटले.’ तो चिपळूणचा आहे, त्यामुळे भात आणि पेज यांबाबतचे त्याचे मत आमच्या घरात अंतिम मानले जाते.

तेव्हापासून आम्ही महिन्यातून दोनदा तरी तिथे जातो. माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की शाकाहारी माणसाला हे कितपत चालते? याच भागातल्या दुसऱ्या एका उपाहारगृहात यादीवर ‘भाज्यांचे’ असे लिहिलेले पाहून मैत्रिणीसाठी मागवले आणि तळाशी शिंपला सापडला. तिने चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. दुसरी शंका म्हणजे असा मऊ टोफू घरी करता येतो का? मेमध्ये आई आणि अण्णा इकडे येणार आहेत. अण्णा माळकरी आहेत. पस्तीस वर्षे सोयाबीन पिकवणाऱ्या माणसाने ते एकदा तरी ताटात पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

डावी_बाजू :

कोरडवाहूताई, वाचताना वाफ तोंडावर आली. त्या छोट्या वाट्यांना बांचान म्हणतात. मला ही पद्धत आपल्या ताटाच्या डाव्या बाजूची सख्खी बहीण वाटते. आपण चटणी, कोशिंबीर, लोणचे कधी वेगळे ‘मागवतो’ का? ते असतेच, आणि यजमानाचा कस तिथेच लागतो. तुम्हाला आवडलेले कोरियन हॉटेल खरेच चांगले आहे की नाही, हे मुख्य पदार्थावरून ठरवण्याआधी साध्या मोडांच्या कोशिंबिरीवरून ठरवावे, असे माझे मत आहे.

शाकाहाराबद्दल मात्र सावध राहावे. शिंपला डोळ्यांना दिसतो, पण खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. या रश्शाचा पाया बहुतेक ठिकाणी सुक्या मासळीचा असतो. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे आणि दाशिमा नावाचे समुद्री शेवाळ उकळून ते पाणी वापरतात. काही ठिकाणी गोमांसाचा अर्कही असतो. किमचीतही बहुधा खारवलेला जवळा किंवा मासळीचे पाणी घातलेले असते. त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘रस्सा कशाचा आहे?’ हाच प्रश्न विचारावा, आणि तोही गर्दीच्या वेळी फोनवर न विचारता दुपारी तीन-चारच्या निवांत वेळी प्रत्यक्ष जाऊन विचारावा.

शंकेखोर :

मी पुण्यात राहतो. रांजणगाव-चाकण पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्यापासून इकडेही कोरियन खाणावळी निघाल्या आहेत, आणि कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर मी दोन-तीनदा गेलो आहे. स्पष्ट बोलतो, राग नसावा. टोफू हा पनीरचा गरीब भाऊ आहे. त्याला स्वतःची चव नाही, म्हणून त्याला तिखटात बुडवावे लागते. तुम्हाला जे आवडले ते बहुधा तिखट, पाऊस आणि भूक हे तिन्ही मिळून असावे.

हान_नदीकाठी :

शंकेखोर, टोफूला चव नाही हे विधान भाताला चव नाही या विधानाइतकेच खरे आहे. आंबेमोहोर आणि रेशनचा तांदूळ एकाच पंगतीत बसवणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मी सहा वर्षे सोलजवळ सुवन येथे नोकरीनिमित्त राहत आहे. कोरियन भाषेत टोफूला दुबू म्हणतात आणि दाबून पाणी न काढलेल्या मऊ टोफूला सुनदुबू. ‘जिगे’ म्हणजे दाट रस्सा. लाल, खदखदणारे सुनदुबू-जिगे जगभर गेले असले तरी सुनदुबूचे त्याहून साधे रूप पाहायचे असेल तर पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंगला जावे. तिथल्या छोदांग या वस्तीत टोफू विरजायला समुद्राचे पाणी वापरण्याची परंपरा आहे. सोळाव्या शतकात हो योप नावाचे एक विद्वान अधिकारी होऊन गेले, त्यांचे टोपणनाव छोदांग. तिथल्या झऱ्याचे पाणी आणि समुद्राचे पाणी वापरून टोफू करण्याची कल्पना त्यांचीच, असे तिथले लोक सांगतात. त्यांची मुले हो ग्युन आणि हो नानसोलहोन ही कोरियन साहित्यातली मोठी नावे आहेत, पण दुकानांच्या पाट्यांवर मान वडिलांच्या टोफूला मिळाला आहे.

सोलहून गांगनुंगला २०१७ च्या अखेरीस वेगवान रेल्वे सुरू झाली, त्यामुळे आता दोन तासांत पोहोचता येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर आलेला वाडगा पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटले. त्यात तिखट नाही, अंडे नाही, तर आपल्याच कोमट पाण्यात बसलेला नुसता पांढरा टोफू आणि बाजूला चिरलेली कांद्याची पात घातलेला सोया सॉस. दोन घास झाले तेव्हा सॉस बाजूला सारला. समुद्राच्या पाण्यामुळे आलेला किंचित खारटपणा आणि दाण्याचा गोडवा यांवर काही घालणे म्हणजे पहिल्या पिकाच्या हापूसवर साखर भुरभुरवण्यासारखे आहे. शंकेखोरांनी तिखटाचा आक्षेप घेऊन इथे यावे.

आणखी एक गंमत सांगतो. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला इथे दारातच टोफू खायला देण्याची रीत आहे. त्या पांढऱ्या टोफूसारखे स्वच्छ राहा आणि पुन्हा आत जाऊ नकोस, असा त्याचा अर्थ सांगतात.

कोरडवाहूताई, उपाहारगृहातल्या त्या बाईंना तुम्ही ‘इमो’ म्हणून हाक मारून पाहा. इमो म्हणजे आईची बहीण. कोरियनमध्येही मावशी आणि आत्या यांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि खाणावळीतल्या वाढणाऱ्या बाईला आत्या न म्हणता मावशीच म्हणतात. आपल्या मेसमध्ये म्हणतात तशीच.

विल्शायर_कोपरा :

मी १९९४ पासून लॉस एंजेलिसमध्ये आहे, म्हणून इकडची थोडी माहिती जोडतो. अमेरिकेत या पदार्थाचे बस्तान बसवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात इथल्या कोरियाटाऊनमधल्या स्त्रियांना जाते. १९८६ मध्ये मोनिका ली यांनी ‘बेव्हर्ली सून टोफू’ सुरू केले. तिथे यादीत जवळजवळ एकाच पदार्थाचे प्रकार असत. १९९६ मध्ये ही सूक ली यांनी ‘बीसीडी टोफू हाऊस’ काढले. त्यातले ‘बीसीडी’ म्हणजे सोलमधला बुकचांग-दोंग हा भाग, जिथे त्यांच्या सासूबाईंची खाणावळ होती. सासूच्या खाणावळीचा पत्ता सुनेने सातासमुद्रापार पाटीवर मिरवला, हे मला फार आवडते. २०२० साल मात्र दोन्हीकडे वाईट गेले. महासाथीत ‘बेव्हर्ली सून’ कायमचे बंद झाले आणि त्याच वर्षी ही सूक ली यांचे निधन झाले.

विल्शायर बुलेव्हारवरच्या शाखेत मध्यरात्रीनंतरही गर्दी असायची. मी तेव्हा संगणक केंद्रात रात्रपाळी करत होतो आणि पहाटे तीनला उघडे असलेले, गरम भात देणारे ते एकच ठिकाण मला परवडत असे. बाहेर हॉटेलात एकट्याने जेवायची मला लाज वाटायची. तिथे मात्र एकेका भांड्यासमोर एकेक माणूस मान खाली घालून खात बसलेला असे, आणि कोणी कोणाकडे पाहत नसे. मातीच्या एका भांड्यात एका माणसाचे जेवण, हा या पदार्थाचा हिशेब एकट्यांना फार सोयीचा आहे.

कोरडवाहू :

धागा वर काढते आहे, कारण आता सांगण्यासारखे बरेच आहे.

हान_नदीकाठी यांच्या सल्ल्याप्रमाणे मी ‘इमो’ म्हटले. बाई थबकल्या, मग आतल्या नवऱ्याला काहीतरी ओरडून सांगितले आणि त्या दिवशी आमच्या टेबलावर सहाऐवजी आठ वाट्या आल्या. दुपारी निवांत वेळी जाऊन रश्शाची चौकशी केली. त्यांचा नेहमीचा पाया सुक्या मासळीचाच आहे. पण माझे वडील मांस-मासे खात नाहीत, गळ्यात माळ आहे, असे सांगितल्यावर त्यांनी विचारले, ‘मंदिरातल्यासारखे?’ त्यांच्याकडे बौद्ध मठांतल्या जेवणात मांस-मासे तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. मी म्हटले, कांदा-लसूण चालेल, पण अंडेही नको. त्यांनी शेवाळ, सुक्या अळिंब्या आणि मुळा उकळून वेगळा रस्सा करण्याचे कबूल केले, मात्र आदल्या दिवशी कळवण्याच्या अटीवर.

अण्णा आले. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. किमची दूर सारली, मोडांची कोशिंबीर तीनदा मागून घेतली. भांडे आले तेव्हा उकळी पाहून म्हणाले, ‘खालून जाळ हाय का काय?’ मग चमच्याने टोफूचा तुकडा उचलून बराच वेळ पाहत राहिले. खाल्ला. काही बोलले नाहीत. दुसरा खाल्ला. शेवटी मला विचारले, ‘हे आपलंच व्हय?’

इमोंना हे मी समजावून सांगितले, की हे शेतकरी आहेत आणि सोयाबीनच पिकवतात. त्या आत गेल्या आणि ओंजळभर कोरडे दाणे घेऊन आल्या. पुढची पाच मिनिटे मला दुभाषी म्हणून फारसे काम उरले नाही. अण्णांनी दाणे तळहातावर पसरले, अंगठ्याने घोळवले, एक दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहिला, जणू बाजार समितीत उभे आहेत. मग म्हणाले, ‘हे आपलं तीनशे पस्तीस न्हाई. ह्याचा डोळा बघ, पांढरा हाय. आपल्याचा काळा असतोय.’ मी ते भाषांतर करून सांगताच इमोंचे यजमान भटारखान्यातून हात पुसत बाहेर आले आणि जोरजोरात मान हलवू लागले. काळ्या डोळ्याच्या दाण्याचा टोफू मळकट दिसतो, म्हणून ते पांढऱ्या डोळ्याचेच घेतात, असे ते म्हणाले. जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणाचा डोळा, म्हणजे दाणा शेंगेला जोडलेला असतो तिथला ठिपका, काळा असतो हे मला स्वतःला माहीत नव्हते, आणि मी त्या पिकावर शिकले आहे.

बिल आले तेव्हा अण्णांनी ते मागून घेतले. एका भांड्याचे सतरा डॉलर, म्हणजे चौदाशे रुपयांच्या वर. दाणे किती लागतात ते त्यांनी विचारले. मालक म्हणाले, एका वाढपाला पन्नास-साठ ग्रॅम. अण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे साठ ग्रॅमचे तीन रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. आणि बाजारात हमीभावाइतकाही दर मिळाला नव्हता. मला वाटले आता ते चिडतील. पण ते म्हणाले, ‘जागेचं भाडं असंल, गॅस असंल, बाईचं मनगाट असंल. पर तीन रुपयं लईच कमी झाले.’

निघताना गल्ल्याशेजारी एका खोक्यात पांढऱ्या भुग्याच्या पिशव्या ठेवलेल्या दिसल्या आणि वर ‘फुकट, घेऊन जा’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. दूध गाळून उरलेला तो चोथा, त्याला ते बीजी म्हणतात आणि त्याचाही रस्सा करतात. आईने न विचारता दोन पिशव्या उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी भाजणीत मिसळून थालीपिठे केली. ती इतकी खुसखुशीत झाली की तिसऱ्या दिवशी मला पुन्हा चोथा आणायला पिटाळले.

आता अण्णा गावी परतले आहेत आणि रोज फोनवर एकच विचारतात, ‘ते इरजायचं कसं?’ जाणकारांनी मदत करावी.

लॅबवाला :

अन्नतंत्रज्ञान हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दाणे आठ ते दहा तास भिजवावेत, वाटावेत, त्यात पाणी घालून उकळावे आणि फडक्यातून गाळावे. उकळण्यात कुचराई करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात. उकळी आल्यावर मंद आचेवर किमान दहा मिनिटे ठेवावे. हे दूध गायीच्या दुधापेक्षाही लबाड आहे, पाठ फिरली की फेसाळून ओट्यावर येते. भांडे निम्मेच भरावे.

शंकेखोरांसारख्यांना जो उग्र वास खटकतो, तो बहुतांशी दाणा थंड पाण्यात वाटला जाताना तयार होतो. दाण्यातले एक विकर त्यातल्या तेलावर काम करते. उकळते पाणी घालून वाटल्यास ते विकर मरते आणि वास बराच कमी होतो. कोरडवाहूताईंना तो वास प्रिय आहे असे दिसते, तेव्हा त्यांनी हवे तसे करावे.

विरजणाचा भाग आता. गाळलेले दूध सुमारे ७५ ते ८० अंशांपर्यंत निवू द्यावे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम, खाण्याच्या प्रतीचे, पाण्यात कालवून दोन-तीन वेळा विभागून हलक्या हाताने घालावे. ढवळू नये, फक्त दिशा द्यावी. प्रथिने एकत्र येऊन ढगांसारख्या गाठी होतात, आणि त्या न दाबता तशाच काढल्या की सुनदुबू झाला. लिंबानेही दूध फुटते, पण गाठी खरखरीत होतात आणि आंबटपणा राहतो. कोरियात परंपरेने कानसू वापरतात. साठवलेल्या समुद्री मिठातून जे कडवट पाणी पाझरते तेच हे, आणि त्यात प्रामुख्याने मॅग्नेशियम क्लोराइड असते.

काळ्या डोळ्याच्या दाण्याने टोफू होत नाही असे मुळीच नाही. रंग थोडा मळकट येईल, एवढेच. अण्णांनी निःशंकपणे करावा.

खारे_वारे :

लॅबवाले साहेब, ते कडवट पाणी आम्हा उरणकरांना चांगले ठाऊक आहे, पण ते कोणी खाण्यात वापरेल असे स्वप्नातही आले नव्हते. आमची आजी मिठागरावरून आणलेले जाडे मीठ बांबूच्या टोपलीत भरून खाली परात ठेवत असे. पावसाळी हवेत परातीत पाणी साचायचे, ते ती फेकून द्यायची आणि म्हणायची, ‘आता मीठ गोड झालं.’ अण्णांना हेच करता येईल. मात्र पिशवीतले बारीक, शुद्ध केलेले मीठ चालणार नाही, जाडे मिठागराचेच हवे, आणि पाझरलेले पाणी फडक्यातून गाळून चमच्या-चमच्याने वापरावे. समुद्राचे पाणी थेट आणून वापरण्याच्या फंदात कोणी पडू नये. गांगनुंगचा समुद्र कसा आहे ते मला माहीत नाही, आमच्या खाडीचे पाणी मी हातालाही लावत नाही.

डावी_बाजू :

रश्शाबद्दल एक पुरवणी. कोरियन तिखटाला कोचुगारू म्हणतात. बिया काढलेल्या, वाळवलेल्या मिरचीची ती जाडसर भरड असते. रंग भरपूर आणि जाळ बेताचा, म्हणजे स्वभावाने आपल्या ब्याडगीच्या जवळ. न मिळाल्यास ब्याडगीच्या बिया काढून जाडसर कुटावी. लवंगी किंवा संकेश्वरीच्या वाटेला जाऊ नये. तेल कोमट असतानाच तिखट घालून मंद आचेवर रंग सुटू द्यावा. आपल्या फोडणीसारखे कडकडीत तेल केले की तिखट जळते आणि रस्सा कडू होतो. मी हे दोनदा करून बसले आहे. शेवटी घालायचे तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असावे. आपल्या घाण्याचे कच्च्या तिळांचे तेल उत्तम असते, पण त्याला तो वास नाही.

शंकेखोर :

मी काल मुद्दाम तीन वाजता जाऊन ‘रस्सा कशाचा आहे’ असे विचारले आणि साधा, बिनतिखटाचा टोफू मागवला. माझे पनीरबद्दलचे मत कायम आहे. गरीब भाऊ हा शब्द तेवढा मागे घेतो, चुलतभाऊ म्हणू.

कोरडवाहू :

चुलतभाऊ चालेल, चुलत्यांशी आमचे बांधावरून कधीच पटले नाही.

दिवाळीनंतरची बातमी देते. यंदाच्या राशीतून अण्णांनी पाच किलो दाणे स्वतः निवडून बाजूला ठेवले. पहिला प्रयोग लिंबाचा झाला, लॅबवाल्यांनी सांगितले होते तसाच तो आंबट आणि खरखरीत निघाला. मग खारे_वारे यांच्या आजीच्या पद्धतीने जाड्या मिठाची बुट्टी पडवीत परातीवर ठेवली गेली. आमच्या कोरड्या हवेत पाणी पाझरेना, म्हणून अण्णांनी बुट्टी न्हाणीघरात हलवली. चार दिवसांनी वाटीभर कडवट पाणी जमले. दुसऱ्या खेपेला दूध ओट्यावर उतू गेले आणि आई दिवसभर बोलली नाही. तिसऱ्या खेपेला गाठी धरल्या. आईने त्या येसराच्या आमटीत सोडल्या. भाऊ म्हणतो की चांगल्या लागल्या, पण थोड्या घट्ट होत्या, चमच्याने तुटत होत्या, मोडत नव्हत्या. म्हशीला चोथा दिला तर तिने हुंगून तोंड फिरवले.

मी भावाने पाठवलेली छायाचित्रे इमोंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पातेले पाहिले, गाठी पाहिल्या, मग बोटाने एका छायाचित्राच्या कोपऱ्याकडे दाखवून हे काय म्हणून विचारले. तिथे खुंटीला पांढऱ्या धोतराच्या फडक्यातले एक गाठोडे लटकत होते आणि खाली पाणी ठिबकत होते. अण्णांनी चक्का टांगतात तसा टोफू रात्रभर टांगून ठेवला होता.

इमोंनी कपाळावर हात मारला आणि भटारखान्याकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली.